अर्ध्या औषधाच्या चोवीस बाटल्या

"मी समजावलं आणि समोरच्याला समजलं नाही, असा माणूस अजून जन्माला यायचाय," जावईबापू म्हणाले आणि सासूबाईंसमोरची खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. त्यांचं खासगी चौकशीचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, आणि फक्त स्वतःच्याच दिशेने वारा घेणारा एक पंखा. लग्नाआधीच्या चौकशा, विम्याच्या चौकशा, हरवलेल्या नवऱ्यांच्या चौकशा, सगळं त्यांनी केलं होतं. जावईबापूंचीही चौकशी लग्नाआधी त्यांनीच केली होती. त्यानंतरही मुलगी दिली, हे जावईबापूंना आपलं प्रशस्तिपत्रक वाटायचं. बायकोच्या मते आईचं ते एकमेव फसलेलं प्रकरण होतं.

जावईबापू वैद्यकीय विद्यापीठात नोकरीला होते. तिथे होऊ घातलेल्या औषधांच्या चाचण्या लोकांना साध्या भाषेत समजावून सांगणं, एवढंच त्यांचं काम. डॉक्टरांचं बोलणं लोकांना कळत नाही आणि लोकांचं डॉक्टरांना, म्हणून मध्ये एक माणूस. रजा असली की ते सासूबाईंचे मदतनीस व्हायचे. म्हणजे स्कूटर चालवायचे.

"आता ही खोकल्याची चाचणी घ्या," ते म्हणाले. "माणसं चोवीस. बाराजणांना खरं औषध, बाराजणांना नुसता साखरेचा पाक. रंग तोच, चव तीच, बाटली तीच. कुणाला काय मिळालं ते घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्या सिस्टरला नाही, मोठ्या डॉक्टरांनाही नाही. का? तर औषध घेतलं या विचारानेच माणसाचा अर्धा खोकला पळतो. आणि औषध आपण शोधलंय या विचाराने डॉक्टरला उरलेला अर्धा ऐकू येत नाही. म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी."

"बरं समजावलंत."

"मी तर ताटाचं उदाहरण दिलं, आई. दोन भाऊ, दोघांपुढे झाकलेली ताटं. एकात जेवण, एक रिकामं. कुठलं कुणाचं, देवाला ठाऊक. महिन्याने दोघांचं वजन करायचं आणि जेवणाने माणूस वाढतो का ते ठरवायचं. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो."

"पाणी का आलं?"

"समजलं म्हणून."

तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. हातात पर्स, चेहरा रात्रभर रडून पुसलेला. जावईबापू ताडकन उठले. विद्यापीठाच्या औषध-खोलीच्या त्या प्रमुख होत्या. सगळे त्यांना औषधवाल्या बाई म्हणत.

"भाऊ, तुमची ती खोकल्याची चाचणी बुडाली," बाई म्हणाल्या. "आणि मला घेऊन बुडाली."

बाई बसून पाणी प्याल्या आणि त्यांनी सांगितलं. पंधरा दिवसांनी लोकांनी उरलेलं औषध परत आणलं. नियमाप्रमाणे लॅबने ते तपासलं. बारा बाटल्यांत पूर्ण औषध निघायला हवं होतं, बारांत काहीच नाही. निघालं काय? चोवीसच्या चोवीस बाटल्यांत अर्धं.

"अर्धं म्हणजे, अर्धी बाटली?" जावईबापूंनी विचारलं.

"अर्ध्या ताकदीचं. सगळ्यांत सारखं. मोठे डॉक्टर म्हणतात, मी निम्मं औषध ढापलं आणि पाकाने भर घातली. आज चार वाजता कमिटी बसतेय. माझ्या बाजूने बोलायला एक माणूस आणायची परवानगी आहे. नवरा गेला, भाऊ परदेशात. कुणाला आणू? वीस वर्षं एक गोळी इकडची तिकडे झाली नाही हो, आणि आता चोर म्हणून घरी जायचं. मुलीला काय सांगू?"

सासूबाईंनी चष्मा पदराला पुसला. याचा अर्थ त्यांनी काम घेतलं.

जावईबापू मात्र बाईंच्या नजरेला नजर देत नव्हते. त्याला वेगळं कारण होतं.

दोन्ही प्रकारच्या बाटल्यांत एक निरुपद्रवी रंग घातलेला होता. औषध पोटात गेलं की लघवी हिरवी होते. कोण डोस घेतंय आणि कोण मोरीत ओततंय, ते सिस्टरला त्यावरून कळतं. हे जावईबापूंनी स्वतःच लोकांना हसत हसत समजावलं होतं. आणि बाटल्या वाटल्या त्याच दिवशी संध्याकाळी, घरी संडासात, जावईबापू खाली बघून थिजले होते. पोपटी. औषधाचा एक थेंबही न घेता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पूर्ववत झालं. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. ऑफिसात सांगावं तर लोक म्हणणार, हाच औषध चोरून पितो. बायकोला सांगावं तर ती आईला सांगणार. तेव्हा गप्प बसणं सोपं वाटलं होतं. आता समोर ही बाई बसली होती, आणि औषधाच्या बाबतीत काहीतरी वाकडं झालंय हे पंधरा दिवसांपासून फक्त आपल्यालाच माहीत होतं, हे त्यांना कळलं. बोलायला हवं होतं. पण सासूला? आणि कुठल्या शब्दांत? अख्ख्या विद्यापीठाला साध्या भाषेत समजावणाऱ्या माणसाला एक साधं वाक्य सापडेना.

"जावईबापू, स्कूटर काढा," सासूबाई म्हणाल्या. "आणि तोंड असं का केलंय, लिंबू चोखल्यासारखं?"

"काही नाही, आई."

"बरं. काही झालं की सांगा."

औषध-खोली तळमजल्यावर होती. भिंतीला पांढऱ्या फरशा, मधोमध लांब टेबल, त्यावर दोन मोठे कॅन. एकात औषध यायचं, दुसऱ्यात पाक. बाई एका कॅनमधून बारा आणि दुसऱ्यातून बारा बाटल्या भरायच्या, झाकणं मशीनने दाबायच्या, नंबर चिकटवायच्या. झाकणाखाली प्लॅस्टिकची कडी असायची. एकदा फिरवलं की तुटते, पुन्हा जुळत नाही.

"वाटल्या तेव्हा कड्या शाबूत होत्या?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळ्या. सिस्टरने एकेक बघून दिली."

"आणि या दोन बाटल्या?"

कपाटात मागे दोन बाटल्या एकट्याच उभ्या होत्या. झाकणावर कागदाची पट्टी, पट्टीवर सही.

"नमुन्याच्या. प्रत्येक कॅनमधून एक जास्तीची भरून ठेवायची असते. त्याच दिवशी, त्याच वेळी. सही मोठ्या डॉक्टरांची."

"उघडून तपासल्या?"

"ते म्हणाले, तुझ्या कपाटातल्या, त्यांच्यावर काय विश्वास ठेवायचा."

"सही त्यांची आणि विश्वास नाही," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता लॅबला पाठवा. उत्तर थेट चार वाजता कमिटीसमोर आणायला सांगा. तुम्ही हात लावू नका, लॅबवाल्यालाच नेऊ दे."

बाटल्या गेल्या. जावईबापूंनी मान डोलावली. "मला वाटतं, कंपनीने कॅनच चुकीचे पाठवले."

"तुम्ही स्कूटरची किल्ली सांभाळा."

सिस्टर वरच्या मजल्यावर भेटल्या. बारीक अंगाच्या, तोंडाने तेज, एका हाताने रक्तदाब मोजत आणि दुसऱ्या हाताने पेशंटला गप्प करत.

"मी बाटल्या दिल्या, नंबर बघून दिल्या, बस," त्या म्हणाल्या. "कुठली खरी ते मला माहीत नव्हतं, अजून नाही. आणि डोस सगळे वेळेवर घेतात. सगळ्यांची हिरवी आहे. इतके आज्ञाधारक पेशंट मी जन्मात बघितले नाहीत."

'हिरवी' शब्दाला जावईबापूंना ठसका लागला. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं.

"वाटपाच्या दिवशी काही वेगळं झालं?"

"वेगळं म्हणजे, वाटप हॉलमध्ये झालं. आधी या साहेबांचं भाषण, मग चहा, मग बाटल्या. मला वाटलं संपलं. तर ही माणसं जागची हलेनात. म्हणाली, सिस्टर, आम्हाला जरा आपसात बोलायचंय. दार लावून घेतलं. तासभर आत. एकाच कारखान्यातली सगळी, पोत्यांच्या. जन्मभर सुतळीचा कोंडा छातीत भरलाय, म्हणून तर खोकला. मी म्हटलं, बोलू दे बापडे."

"आणि मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मुंग्याच मुंग्या. झाडणारी माझ्यावर ओरडली, जसं काही मीच पाळल्यात." सिस्टरने आवाज खाली आणला. "आणखी एक सांगू? माझं नाव घेऊ नका. त्या संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी शिकवणी रद्द केली आणि स्वतःच्या हाताने लॅबमध्ये एक सँपल दिलं. तपासणी सगळी. मूत्रपिंड, यकृत, काही सोडलं नाही. पेशंटचं नाव लिहिलंय अ. ब. क. असा पेशंट आमच्याकडे नाही. तेव्हापासून माणूस दर तासाला तांब्याभर पाणी पितोय."

"आजारी असतील," जावईबापू म्हणाले.

"असतील," सासूबाई म्हणाल्या.

कारखान्याची माणसं बाहेरच्या व्हरांड्यात बाकांवर बसली होती. आज त्यांना नव्या बाटल्या मिळायच्या होत्या, पण वाटप थांबवलंय एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांच्यात एक उंच, वाकलेला म्हातारा होता. कारखान्यात तो मुकादम होता, त्यामुळे निवृत्त होऊनही सगळे त्याला मुकादमच म्हणत. भाषणाच्या वेळी डोळ्यांत पाणी आलं होतं ते याच्याच.

मुकादमांनी बिस्किटांचा पुडा फोडला. हात फिरला आणि बघता बघता प्रत्येकाच्या तळहातावर सारखा तुकडा आला. एक सासूबाईंच्याही हातावर.

"अहो, मला कशाला?"

"समोर माणूस असताना एकट्याने खायचं नसतं, ताई. कारखान्यात आमचे सगळे डबे एका कागदावर रिकामे व्हायचे. कुणी काय आणलं ते विचारायचं नाही. कुणाचा डबा रिकामा असला तरी त्याला मान खाली घालायला लागायची नाही."

"चांगली रीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्या दिवशी बाटल्या मिळाल्यावर हॉलचं दार लावून काय केलंत?"

बाकांवरच्या सगळ्यांना एकदम खोकला आला.

"बोललो," मुकादम म्हणाले. त्यांनी नजर वर केली नाही. "मग घरी गेलो."

"काय बोललात?"

"इकडचं तिकडचं."

जिन्यापाशी आल्यावर जावईबापू म्हणाले, "गरीब माणसं आहेत, आई. यांना विचारून काय मिळणार? मोठ्या डॉक्टरांवर नजर ठेवायला हवी. खोटं नाव, रात्रीचं सँपल..."

"संध्याकाळचं. जावईबापू, तुम्हाला सकाळपासून काय होतंय?"

"कुठे काय."

"सिस्टरने एक शब्द उच्चारला आणि तुम्ही ठसकलात. तुमच्या लग्नाआधी मी तुमची चौकशी केली तेव्हा शेजारी म्हणाले होते, मुलगा खोटं बोलत नाही, कारण त्याला जमत नाही. त्यावर मी मुलगी दिली. आता सांगा."

जावईबापूंनी आजूबाजूला बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, कठड्याला धरलं, आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

"हिरवी," सासूबाई म्हणाल्या.

"पोपटी म्हणा."

"कधी?"

"वाटपाच्याच संध्याकाळी. देवाशपथ, आई, मी बाटलीला हातही लावला नव्हता."

"आणि पंधरा दिवस गप्प बसलात. ती बाई काल रात्रभर रडली, आज सकाळी तुमच्यासमोर बसली, तरीही गप्प."

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. जिन्याची पायरी दुभंगून आत घेईल तर बरं, असं जावईबापूंना वाटलं. पायरी पक्की होती.

"त्या दुपारी काय खाल्लंत, काय प्यालात?"

"भाषणामुळे जेवलोच नाही. फक्त चहा. पाच वाजता. मोठे डॉक्टर आणि मी, दोघांनीच आधी घेतला. ते म्हणालेसुद्धा, आज चहा छान गोड झालाय."

"चला कँटीनला."

कँटीनवाला गॅसमागे उभा राहून खलबत्त्यात आलं कुटत होता. मागे स्टीलची मोठी टाकी, खाली तोटी. हॉलमध्ये कार्यक्रम असला की हीच टाकी चहाने भरून वर जायची.

"त्या दिवशीचं विचारू नका," तो म्हणाला. "दहा वर्षं टाकी माझ्याकडे आहे. वर जाते, रिकामी होते, तशीच खाली येते. आत रंग चढलाय, त्यानेच तर चहाला चव येते. त्या दिवशी ती खोकलेवाली मंडळी स्वतः टाकी घेऊन आली. घासलेली. अशी लखलखीत, की माझं तोंड दिसलं आत. दहा वर्षांनी आपलं तोंड त्यात बघितलं, वाईट वाटलं."

"मग तुम्ही पुन्हा चहा भरलात?"

"पाचच्या चहाला. पहिला कप मोठ्या डॉक्टरांना, दुसरा या साहेबांना. मानाप्रमाणे."

"साखर टाकीत घालता?"

"छे. ज्याची त्याची वेगळी. डॉक्टर तर बिनसाखरेचा घेतात."

सासूबाई टाकीपाशी वाकल्या. तोटीखाली करंगळी फिरवली, वास घेतला, आणि सरळ उभ्या राहिल्या.

"टाकी सगळे घासतात," त्या म्हणाल्या. "तोटी कुणी घासत नाही. जावईबापू, मुकादमांना चार वाजता कमिटीच्या खोलीत घेऊन या. आणि तिथे तुम्हाला एक वाक्य बोलायला लागणार आहे. कुठलं, ते तुम्हाला माहीत आहे."

"सगळ्यांसमोर?"

"त्या बाईंवर आळ सगळ्यांसमोरच आलाय."

कमिटीच्या खोलीत लांब टेबल होतं, टेबलावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी होती, आणि फुलदाणीच्या आडून चार सभासद एकमेकांना बघायचा प्रयत्न करत होते. मोठे डॉक्टर टेबलाच्या डोक्याशी, पुढ्यात पाण्याचा तांब्या. औषधवाल्या बाई कोपऱ्यात. मुकादम दाराशी उभे. इतिवृत्त लिहायला एक कारकून.

"प्रकरण सरळ आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "निम्मं औषध गेलं. किल्ली बाईंकडे होती."

"किती बाटल्यांत खरं औषध भरलं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"बारा."

"आता किती बाटल्यांत अर्धं आहे?"

"चोवीस."

"चोवीस अर्धे किती?"

फुलदाणीमागून हिशेब विभागाचे सभासद हळूच म्हणाले, "बारा."

"म्हणजे थेंबही कुठे गेला नाही. चोरी झालीच नाही. औषध होतं तेवढंच आहे, फक्त ते सगळीकडे पसरलंय."

मोठे डॉक्टर पाणी प्याले. "मग बाईंनी हलगर्जीपणा केला. दोन्ही कॅन एकत्र केले आणि त्यातून बाटल्या भरल्या. तेही कामावरून काढण्यासारखंच आहे."

त्याच वेळी लॅबवाला आत आला आणि नमुन्याच्या बाटल्यांचं उत्तर सांगितलं. एकीत पूर्ण औषध. दुसरीत नुसता पाक. सहीची पट्टी शाबूत होती.

"सही तुमचीच," सासूबाई म्हणाल्या. "कॅन वेगळे होते, भरल्या नीट गेल्या, कड्या शाबूत राहून लोकांच्या हातात पडल्या. म्हणजे जे झालं ते त्यानंतर. घरी? घरोघरी पसरलेल्या बाटल्या आपोआप एकसारख्या कशा होतील? त्यासाठी चोवीस बाटल्या एका जागी उघडाव्या लागतात आणि एका भांड्यात ओताव्या लागतात. त्या एका जागी कधी होत्या? एकदाच. वाटपानंतर, हॉलमध्ये, दार लावून, तासभर. दुसऱ्या दिवशी तिथे मुंग्या लागल्या. मुंग्यांना भाषण आवडलं म्हणून नाही, पाक सांडला म्हणून. आणि चोवीस बाटल्या मावतील असं भांडं त्या हॉलमध्ये एकच होतं. दहा वर्षं न घासलेली चहाची टाकी, जी त्या दिवशी घासून परत आली."

"हा नुसता तर्क आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "पुरावा कुठाय?"

सासूबाईंनी जावईबापूंकडे बघितलं.

जावईबापू उभे राहिले. कान तापले होते. समोर हिशेब विभाग होता, शिस्त विभाग होता, दोन प्राध्यापिका होत्या आणि सासू होती.

"टाकीच्या तोटीत थोडं औषध अडकून राहिलं होतं," ते म्हणाले. "नंतरच्या चहाच्या पहिल्या दोन कपांत ते आलं. दुसरा कप मी प्यालो. त्या संध्याकाळी माझी लघवी हिरवी झाली. मी लाजेने कुणाला सांगितलं नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर बाईंवर ही वेळ आली नसती."

कारकुनाने पेन थांबवलं. "हे इतिवृत्तात कसं घेऊ?"

"जसं बोलले तसं," सासूबाई म्हणाल्या. "साध्या भाषेत." मग त्या टेबलाच्या डोक्याकडे वळल्या. "पहिला कप कुणी घेतला होता, ते मी विचारत नाही. अ. ब. क. नावाच्या पेशंटला निरोप द्या, की मूत्रपिंडं उत्तम आहेत. पाणी कमी प्यालं तरी चालेल."

मोठ्या डॉक्टरांचा हात तांब्यावर होता तो तिथेच राहिला. ते म्हणाले, "मला वाटलं, माझ्यावर कुणीतरी प्रयोग करतंय."

"म्हणून बाईंवर संशय?"

"औषधाची किल्ली त्यांच्याकडे... आणि त्या आठवड्यात मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो होतो. वाटलं, राग काढला." ते बाईंकडे बघू शकत नव्हते. "विचारायचं तर आधी काय झालं ते सांगायला लागलं असतं."

दाराशी मुकादम पुढे सरकले. हातातली टोपी पिळून पिळून त्यांनी तिची वात केली होती.

"बाईंना काढणार होते?" त्यांनी विचारलं. "आमच्यामुळे?"

कारकुनाने मान हलवून हो म्हटलं.

"मग लिहून घ्या, मी केलं. सगळ्यांना मीच सांगितलं. या साहेबांनी फार चांगलं समजावलं हो. आजवर कुठल्या डॉक्टरचं मला इतकं समजलं नव्हतं. दोन भाऊ, एकाचं ताट भरलेलं, एकाचं रिकामं. मी बघितलं, शेजारी माझा जोडीदार बसलेला. एका यंत्रावर आम्ही आयुष्य काढलं. मनात आलं, माझ्या बाटलीत औषध असेल आणि याच्या बाटलीत नसेल, तर हा रात्री खोकताना मी कुठल्या तोंडाने झोपू? सगळ्यांच्याच मनात तेच आलं होतं. कुणी वर बघेना. मग मी टाकीचं झाकण काढलं. ओता म्हटलं. चहाच्या कपाने मोजून परत भरल्या, कुणाला घोटभर जास्त नाही की कमी नाही. चोरी केली नाही, साहेब. रिकामं ताट तेवढं कुणापुढे ठेवलं नाही."

"मग सांगितलं का नाहीत?" एका प्राध्यापिकेने विचारलं.

"सांगणार होतो. पण सिस्टर रोज म्हणायच्या, किती आज्ञाधारक आहात तुम्ही. मग जीभच उचलेना."

जावईबापू खुर्चीत बसले. त्यांना तो म्हातारा आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं. 'समजलं म्हणून', असं ते सकाळी म्हणाले होते. ते खरंच होतं, आणि तेच वाईट होतं. रिकामं ताट म्हणजे उपाशी भाऊ, हे त्यांनी समजावलं. महिन्याने खरं कळलं तर पुढे हजार भावांना जेवण मिळेल, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. भाषण रंगलं होतं ना.

कमिटीने औषधवाल्या बाईंवरचा आरोप काढून टाकला. मोठ्या डॉक्टरांनी उभं राहून त्यांची माफी मागितली, फुलदाणी बाजूला सरकवून, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी. बाई म्हणाल्या, "असू दे." मग म्हणाल्या, "नाही, असू दे कसं? ते लेखी द्या." लेखी मिळालं.

जिना उतरताना त्या जावईबापूंजवळ थांबल्या. "भाऊ, बोललात ते बरं झालं."

"उशिरा बोललो."

"हो," बाई म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

सासूबाई स्कूटरवर मागे बसल्या. सिग्नलला म्हणाल्या, "मुलीला मी काही सांगणार नाही."

"उपकार झाले, आई."

"तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही नीट पाणी टाकत नाही."

चाचणी रद्द झाली. महिन्याभराने ती नव्याने ठरली. तीच माणसं, कारण तसा खोकला दुसऱ्या कुणाला नव्हता. या वेळी मोठ्या डॉक्टरांनी औषध बाटलीत न देता गोळ्यांत द्यायचं ठरवलं. गोळ्या ओतता येत नाहीत.

समजावायला पुन्हा जावईबापू उभे राहिले. ताटाचं उदाहरण त्यांनी दिलं नाही. पुढच्या हजार माणसांचं सांगितलं, ज्याला पटत नसेल त्याने लाज न बाळगता आत्ताच नाही म्हणावं, हेही सांगितलं. मुकादम लक्ष देऊन ऐकत होते. कुणीच नाही म्हणालं नाही. काही राहायला नको म्हणून जावईबापूंनी शेवटी अगदी साध्या भाषेत बजावलं, की सगळ्यांच्या गोळ्या एकत्र करायच्या नाहीत, त्या कुटून पूड करायची नाही, आणि ती पूड सारखी वाटून घ्यायची नाही.

तोवर हे कुणाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं.

त्या दुपारी कँटीनवाल्याचा आलं कुटायचा खलबत्ता सापडेना. पाचच्या चहाच्या आधी तो जागेवर परत आला. घासलेला, लखलखीत.